पोट, अंग, पिशवी : मराठीने मोठ्याने न उच्चारलेले शरीर

१/
संगमेश्वरजवळच्या कसब्यात कर्णेश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्यात पिंडी जिथे आहे, त्या काळोख्या दालनाला आपण 'गर्भगृह' म्हणतो. गावोगावी देवीची 'ओटी' भरतो. लग्नात, डोहाळजेवणात सुवासिनीची ओटी भरतो. कोकणातल्या घराच्या दर्शनी भागालाही ओटीच म्हणतात. म्हणजे 'गर्भ' आणि 'ओटी' हे शब्द आपण देवादिकांसमोर, पाहुण्यांसमोर, निःसंकोच उच्चारतो. हेच शब्द ज्या शरीराशी जोडलेले आहेत, त्या शरीराच्या अवयवांची नावे मात्र घरात कोणी घेत नाही.

२/
आजचा धागा या मौनाच्या इतिहासाचा आहे. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. मराठी समाजात स्त्रीच्या ओटीपोटाविषयीचे ज्ञान कधी पूर्णपणे नव्हते असे नाही. ते वैद्याकडे होते, सुइणीकडे होते. पुढे वकिलाकडे आणि डॉक्टरकडे आले. ज्या स्त्रीचे ते शरीर, तिच्या हाती मात्र त्याची नावे कधी पोचू दिली गेली नाहीत. या वंचनेची किंमत १८९१ मध्येही मोजली गेली आणि आपल्या डोळ्यांदेखत, २०१९ मध्येही.

३/
आधी भाषा पाहू. मराठीत या साऱ्या प्रदेशासाठी एक शब्द पुरतो : पोट. गर्भ राहिला की 'पोट राहिले', गर्भवती ती 'पोटुशी', गर्भपात म्हणजे 'पोट पाडणे', अपत्य 'पोटी' जन्मते. पाळीच्या वेदनेलाही 'पोट दुखते' म्हणायचे आणि अजीर्णालाही. जठर, आतडे, मूत्राशय, गर्भाशय, बीजांडकोश : सारे एकाच गाठोड्यात.

४/
दुसरा शब्द 'अंग'. स्राव होतो तेव्हा 'अंगावरून जाते'. गर्भाशय आपल्या जागेवरून खाली सरकते तेव्हा 'अंग बाहेर येते'. ज्या अवयवाचे नाव घ्यायचे नाही, त्याच्या जागी संपूर्ण देह ठेवून मोकळे व्हायचे. आणि पाळीसाठी तर देहही नको : 'कावळा शिवला', 'बाजूला बसली', 'अडचण आहे'. ही सारी वाक्ये पूर्ण आहेत, अर्थवाही आहेत. फक्त त्यांत शरीर कुठेही नाही.

५/
या शब्दांना निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. एकत्र कुटुंबात, पुरुषांच्या देखत, सासूच्या नजरेखाली बोलताना बायकांनी घडवलेली ती आडवळणाची भाषा होती. तिच्यात हुशारी आहे, परस्परांविषयीची माया आहे. परंतु ती भाषा दुःख झाकून सांगण्यासाठी घडली. दुखणे नेमके कोठे आहे, केव्हापासून आहे, त्याचे कारण काय, हे विचारण्यासाठी ती घडलेली नव्हती. उपचाराच्या दारात उभे राहिल्यावर हा फरक जिवावर बेततो.

६/
आता ज्ञानाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेताचे निरीक्षण कसे करावे याची पद्धत दिली आहे : देह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि नंतर कुंचल्याने एकेक थर हळूहळू दूर करीत पाहायचे. त्याच ग्रंथात स्त्रीच्या ठायी पुरुषापेक्षा वीस पेशी अधिक सांगितल्या आहेत. दहा स्तनांत आणि उरलेल्या दहा अपत्यमार्ग व गर्भाशयाच्या परिसरात. योनीला शंखाच्या नाभीची उपमा दिली आहे, तिची तीन आवर्तने सांगितली आहेत आणि तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या ठेवली आहे. गर्भाशयाचा आकार रोहित माशाच्या मुखासारखा म्हटला आहे.

७/
या वर्णनाने छाती फुगवण्याचे कारण नाही आणि त्याला हसण्याचेही नाही. आज आपण ज्याला बीजांडकोश म्हणतो तो अवयव सुश्रुताला त्या रूपात ठाऊक नव्हता. पण युरोपातही दीर्घकाळ त्याला 'स्त्रीचे वृषण' समजत. १५६१ मध्ये फॅलोपियसने बीजवाहिन्यांचे वर्णन केले, १६७२ मध्ये डी ग्राफने बीजांडकोशाचे कार्य मांडले आणि सस्तन प्राण्याचे बीजांड प्रत्यक्ष पाहिले गेले ते १८२७ मध्ये, फॉन बेअरकडून. आपण सारे कसे जन्मलो, याची निम्मी हकिकत मानवजातीला समजून दोनशे वर्षेच होत आहेत.

८/
शिल्पांनी तर काहीच लपवले नव्हते. तेर, नेवासे, भोकरदन येथे सापडलेल्या उत्तानपाद देवीच्या प्रतिमा पाहा : मस्तकाच्या जागी कमळ, गुडघे दुमडून दोन्ही बाजूंना फाकलेले, जननस्थान समोर. प्रसवाची ही देवता. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'लज्जागौरी'. हे नाव त्यांनी कल्पिलेले नव्हते, परंपरेतलेच होते. जिच्या देहावर लाजेचा लवलेश नाही, तिला नाव मात्र लाजेचे मिळाले. मूर्ती घडवणाऱ्या काळात आणि तिला नाव देणाऱ्या काळात किती अंतर पडले असेल, ते या एका शब्दातून दिसते.

९/
तिसरे ज्ञान सुइणीचे. ते ग्रंथात नव्हते, बोटांत होते. मूल आडवे आहे की पायाळू, कळा खऱ्या की खोट्या, वार सुटली की अडकली, हे ती स्पर्शाने ओळखत असे. प्रत्येक गावात ही स्त्री होती आणि बहुतेक गावांत तिचे काम विटाळाचे मानले जाई. ज्या हातांनी गावाचा जन्म झाला, त्या हातांना बाळंतिणीच्या खोलीबाहेर मान नव्हता. स्वच्छतेचे नवे शास्त्र आले तेव्हा सुइणीच्या चुका नोंदल्या गेल्या, आणि त्या खऱ्याही होत्या. तिचे जाणतेपण मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१०/
म्हणजे ग्रंथ होता, शिल्प होते, हात होते. तरीही न्हाण आलेल्या मुलीला स्वतःविषयी काय सांगितले जाई? शिवू नकोस, दूर बस, आता मोठी झालीस. यातले 'मोठी झालीस' हे वाक्य इतिहासात फार महागात पडले. ते का, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहणे आवश्यक आहे.

११/
कमरेच्या हाडांच्या पिंजऱ्याला शास्त्रीय मराठीत श्रोणी म्हणतात. नितंबाची दोन हाडे, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड, अशी तिची रचना. तिच्या मधली पोकळी म्हणजेच जन्माची वाट. प्रौढ स्त्रीत ही वाट वरच्या तोंडाशी आडवी रुंद असते, साधारण १३ सेंटिमीटर, तर पुढून मागे साधारण ११. खालच्या तोंडाशी हे प्रमाण उलटते. पूर्ण वाढलेल्या बाळाच्या डोक्याची रुंदी साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून बाळाला उतरताना वळावे लागते. सारा हिशेब एक-दोन सेंटिमीटरांचा आहे.

१२/
या हिशेबात वयाला निर्णायक महत्त्व आहे. मुलीची उंची पाळी सुरू झाल्यावर लवकरच वाढायची थांबत येते. श्रोणीची वाढ मात्र त्यानंतरही काही वर्षे चालू राहते. म्हणजे न्हाण येणे ही वाढीच्या मध्यावरची खूण आहे, शेवटची नव्हे. बीज तयार होऊ लागले, एवढेच ती खूण सांगते. वाट तयार झाली, असे ती सांगत नाही. अरुंद वाटेत डोके अडकून राहिले, तर बाळाचे डोके आणि जघनाचे हाड यांच्यामधल्या पेशी दबून मरतात, तेथे छिद्र पडते आणि ती मुलगी जगलीच तर लघवी आयुष्यभर झिरपत राहते. अशा मुलीला घर कसे वागवत असेल, ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

१३/
आता एका परिचित चरित्राकडे या दृष्टीने पाहा. आनंदीबाई जोशी : जन्म १८६५, विवाह नवव्या वर्षी, प्रसूती चौदाव्या वर्षी, बाळ दहा दिवस जगले. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपण त्यांना 'पहिली महिला डॉक्टर' म्हणून टाळ्या वाजवतो आणि विषयाकडे लक्ष देत नाही. चौदाव्या वर्षी बाळंत झालेली मुलगी एकविसाव्या वर्षी प्रसूतीवर प्रबंध लिहिते. ज्या शरीराने सोसले, त्याच शरीराविषयीचे शास्त्र तिने हस्तगत केले. मराठी स्त्रीच्या इतिहासात हा क्षण समुद्रोल्लंघनापेक्षाही मोठा आहे, असे मला वाटते.

१४/
आता कायद्याकडे. १८९० मध्ये कलकत्त्यात हरिमोहन मैतीवर खटला चालला. त्याची दहा-अकरा वर्षांची पत्नी फुलमणी पतीच्या समागमात झालेल्या जखमेने रक्तस्राव होऊन मरण पावली होती. तेव्हा संमतिवय दहा होते आणि मुलीचे वय त्याहून अधिक धरले गेले. त्यामुळे बलात्काराचा आरोप उभाच राहू शकला नाही. शिक्षा झाली एक वर्षाची सक्तमजुरी. न्यायालयात डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, जखमेचे वर्णन झाले. त्या अवयवांची नावे तेथे प्रथमच इतक्या उघडपणे उच्चारली गेली असतील. पण ती ऐकायला फुलमणी नव्हती.

१५/
९ जानेवारी १८९१ रोजी संमतिवयाचे विधेयक कायदेमंडळात आले. वय दहावरून बारा करणारे. त्यावरून पुण्यात मोठे रण माजले. विरोधकांचा युक्तिवाद असा : पहिल्या ऋतुदर्शनानंतर गर्भाधान हा संस्कार आहे, ऋतू बाराव्या वर्षाआधी आला तर कायदा धर्माच्या आड येईल. टिळकांनी 'केसरी'तून परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून विधेयकाची बाजू घेतली. टिळक रत्नागिरीचे आणि भांडारकर मालवणचे. तेव्हा मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होते. वाद पुण्यात पेटला, पण त्याची दोन्ही टोके आमच्या जिल्ह्यातली.

१६/
टिळकांच्या भूमिकेतला राजकीय भाग मी क्षुल्लक मानत नाही. परक्या राज्याने घरात शिरावे का, हा खरा प्रश्न होता. परंतु दोन्ही बाजूंची पाने चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते : वादाचा सारा भर ऋतू केव्हा येतो यावर आहे. ऋतू आला म्हणजे शरीर सिद्ध झाले, हे गृहीत जवळजवळ कोणीच तपासत नाही. आणि गंमत अशी, की सोळा वर्षांखालील स्त्रीच्या ठायी राहिलेला गर्भ पोटातच दगावतो, जन्मला तरी फार जगत नाही किंवा दुबळा राहतो, असे सुश्रुतानेच बजावून ठेवले आहे. परंपरा हवी होती, तर तीही उपलब्ध होती. परंपरेतून काय उचलायचे, हे उचलणाऱ्यांनी ठरवले.

१७/
ज्यांना या शरीराविषयी प्रत्यक्ष ठाऊक होते, त्या बोलल्या. भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी बालवधूंच्या जखमांची आणि मृत्यूंची प्रकरणे सरकारपुढे मांडली. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले होते. तेथे स्त्रियांना स्त्री-डॉक्टर तपासत. आणि अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी १८८४ पासून न्यायालयात हेच सांगितले होते, की जाणतेपणापूर्वी झालेल्या लग्नाचे बंधन माझ्या देहावर लादू नका. १८८८ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आनंदीबाई आणि रखमाबाई या दोघींनीही एकच मार्ग निवडला, हा योगायोग नाही.

१८/
विधेयक १९ मार्च १८९१ रोजी संमत झाले. बारा वर्षे. त्यानंतर १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा केले आणि १९७८ मध्ये ते अठरा झाले. शरीरशास्त्र जे सांगत होते, तिथवर कायद्याला पोचायला सुमारे ऐंशी-नव्वद वर्षे लागली.

१९/
पुढचा टप्पाही रत्नागिरी जिल्ह्यातलाच. रघुनाथ धोंडो कर्वे, जन्म १८८२, दापोली तालुक्यातील मुरूड. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले. म्हणजे या बाबतीत गिरगाव आणि लंडन बरोबरीने चालत होते. कर्वे यांना प्राध्यापकी गमवावी लागली. जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीचा आणि साथीचा आधार नसता, तर ते एवढे चालले नसते.

२०/
'समाजस्वास्थ्य'चा आत्मा त्यातल्या प्रश्नोत्तरांत होता. लोक पत्रे पाठवून विचारत. कर्वे अवयवाचे नाव घेऊन, सरळ मराठीत उत्तर देत. त्यांना १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो या प्रश्नोत्तरांवरूनच. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. येथे क्षणभर थांबावे. इंग्रजीतली शरीरशास्त्राची पुस्तके वैद्यकीय महाविद्यालयांत राजरोस शिकवली जात होती. तीच माहिती मराठीत, सामान्य वाचकाला, मासिकाच्या अंकात मिळू लागताच ती अश्लील ठरली. गुन्हा विषयाचा नव्हता, वाचकाचा होता.

२१/
आमच्या संगमेश्वर तालुक्यात याच प्रश्नाला एका वेगळ्या हाताने उत्तर दिले गेले. १९५४ मध्ये इंदिराबाई हळबे यांनी देवरुखला 'मातृमंदिर' सुरू केले, त्याचा आरंभ एका लहानशा प्रसूतिगृहाने झाला. सारा परिसर त्यांना 'मावशी' म्हणे. पुढे अनाथ मुलींसाठी 'गोकुळ' उभे राहिले. कर्वे यांच्याकडे नाव घेण्याचे धैर्य होते, मावशींकडे बायका ज्या घरगुती भाषेत बोलत ती ऐकून घेण्याची क्षमता. 'अंगावरून जातं' हे ऐकल्यावर पुढचे दहा प्रश्न विचारणारे माणूस समोर असेल, तर आडवळणाची भाषाही उपचारापर्यंत पोचते. असे माणूस समोर नसेल तर काय होते, त्याचे उदाहरण आता.

२२/
बीड जिल्हा, २०१९. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्यांत तिशी-चाळिशीतल्या अनेक होत्या. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला की 'खाडा' धरून पैसे कापले जातात. फडावर शौचालय नाही, पाणी नाही, पाळीत विश्रांती नाही. संसर्ग होणे अटळच.

२३/
अशी स्त्री खाजगी दवाखान्यात जाते. सांगते : पोट दुखतं, अंगावरून जातं. उत्तर मिळते : पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. हा संवाद असंख्य जणींनी सांगितला आहे. त्यातला 'पिशवी' हा शब्द ऐका. पिशवी ही वस्तू भरण्याची आणि रिकामी करण्याची. दोन-तीन मुले झाली की तिचे काम संपले. फाटली, मळली की टाकून द्यायची. रूपकानेच निर्णय घेऊन ठेवलेला असतो. सहीपुरता अंगठा उरतो.

२४/
प्रत्यक्षात तेथे काय असते? गर्भाशय हा जाड स्नायूचा अवयव आहे. साडेसात सेंटिमीटर लांब, वजनाने साठ-सत्तर ग्रॅम, आकाराने उलट्या धरलेल्या पेरूसारखा. गरोदरपणात तोच सुमारे एक किलो वजनाचा होतो आणि प्रसूतीनंतर काही आठवड्यांत पूर्ववत आकसतो. त्याच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. अस्थिबंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याला सावरून धरतात. मूत्रपिंडाकडून येणारी नळी त्याच्या मुख्य रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते. म्हणून ही शस्त्रक्रिया कधीच किरकोळ नसते. खुंटीवर टांगलेली पिशवी उतरवावी, तशी ती उतरत नाही.

२५/
दोन्ही बाजूंना बीजांडकोश आहेत. पाळी जाईपर्यंत शरीराला लागणारी संप्रेरके मुख्यतः त्यांच्याकडून येतात. हाडांची बळकटी त्यांवर अवलंबून असते. गर्भाशयाबरोबर तेही काढले, तर पस्तिशीतल्या स्त्रीला एका दिवसात पन्नाशी गाठावी लागते. परंतु 'पिशवी काढली' या एका वाक्यात गर्भाशय गेले की बीजांडकोशही गेले, हे कळत नाही. काय काढले, हे स्वतः त्या स्त्रीलाच सांगता येत नाही. स्वतःच्या देहातून काय वजा झाले, याचे नावही तिच्यापाशी नसावे, याहून मोठी निरक्षरता कोणती?

२६/
यावर पहिला आक्षेप रास्त आहे : शब्द शिकवून ऊसतोडीची गुलामी संपणार आहे का? नाही. उचल, खाडा, शौचालयांचा अभाव, दवाखान्यातला नफा, ही मूळ कारणे आहेत आणि शब्दकोश त्यांना पुरा पडणार नाही. परंतु संमती ही ज्ञानावर उभी असते. 'कोणता अवयव काढणार? बीजांडकोश ठेवणार का? औषधाने बरे होणार नाही का?' हे तीन प्रश्न विचारता येण्यासाठी तीन नावे लागतात. फसवणूक करणाऱ्याचे निम्मे काम समोरच्याच्या निःशब्दतेने झालेले असते.

२७/
दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म : शास्त्रीय मराठी शब्द तरी कोणाचे आहेत? संस्कृतातून आणलेले, जडजंबाळ. हेही खरे आहे. आणि ते निष्पक्षही नाहीत. स्त्रीच्या एका अवयवाला आपण 'शिश्निका' म्हणतो, म्हणजे लहानसे शिश्न. पुरुषाच्या अवयवाची छोटी प्रत. या अवयवाचा बहुतांश भाग शरीराच्या आत असतो. कोबेल्टने १८४४ मध्ये त्याचे तपशीलवार वर्णन केले होते, तरी पाठ्यपुस्तकांत तो आक्रसत गेला, आणि १९९८ मध्ये हेलन ओ'कॉनेल यांना तो नव्याने मांडावा लागला. नाव चुकले की नजरही चुकते, हे शास्त्रातही घडते. मग उपाय मौन नव्हे, चांगले नाव शोधणे हा आहे. 'मायांग' हा जुना मराठी शब्द मला याच दृष्टीने मोलाचा वाटतो. त्यात लाज नाही, माय आहे.

२८/
तिसरा आक्षेप नेहमीचा : मुलांना हे सांगितले की ती बिघडतात. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीनांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रात याच भयाने थांबवला गेला. कर्वे यांच्या महाराष्ट्रात, त्यांच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने. या भयाला इतिहासाचे उत्तर साधे आहे. १८९१ मधली ती मुलगी, १९३४ मधला तो पत्र लिहिणारा वाचक, २०१९ मधली ती ऊसतोड करणारी बाई, यांच्यापैकी कोणाचेही नुकसान अधिक जाणल्याने झालेले नाही.

२९/
म्हणून तीन मागण्या. शाळेत श्रोणी, गर्भाशय, बीजांडकोश, योनिमार्ग ही नावे मुली-मुलांना एकाच वर्गात, एकाच स्वरात शिकवावीत. शस्त्रक्रियेचे संमतिपत्र मराठीत असावे, त्यावर आकृती असावी आणि जो अवयव काढायचा त्यावर खूण करून तो स्त्रीला दाखवावा. 'पिशवी' हा शब्द त्यावर नसावा. आणि गावोगावच्या वृद्ध सुइणी हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडचे शब्द उतरवून घ्यावेत. ते शब्द कोणत्याही परिभाषा कोशात नाहीत, आणि त्यांतच कदाचित आपल्याला हवी असलेली मराठी आहे.

३०/३०
शेवटची मागणी तुमच्याकडे. तुमच्या आजीने, आईने, मावशीने या अवयवांसाठी, या दुखण्यांसाठी कोणते शब्द वापरले? तालुक्याच्या नावासह खाली लिहा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, चित्पावनी, सारे चालतील; ग्राम्य वाटले तरी लिहा. आपल्या गर्भगृहांची वर्णने करणारे पुष्कळ आहेत. आपण एकदा गर्भाशयाची नावे जमवू.